आजोबांच्या ट्रंकेतलं रिव्हॉल्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यात लष्करी ट्रंक नसलेलं गाव शोधायला वेळ लागेल. वाडा पाडताना, माळा रिकामा करताना किंवा भावाभावांत वाटणी होताना ती ट्रंक उघडते. पदकं, पेन्शनीचं पुस्तक आणि घोंगडी बाहेर येतात. हजारात एखाद्या ट्रंकेच्या तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागतं. मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारा. निवृत्तीनंतर साताऱ्यात स्थायिक झालो आणि तेव्हापासून लोक फोटो घेऊन येतात. त्यांचे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

घरात जुनं रिव्हॉल्व्हर सापडलं. सगळ्यात आधी काय करायचं?

हात लावू नका. शंभर वर्षं पडून असलं तरी त्यात काडतूस असू शकतं. चाप ओढून बघणं, घोडा (मागचा हातोडीसारखा भाग) मागे खेचून बघणं, पोरांच्या हातात देऊन फोटो काढणं, यातलं काही नको. गंजलेला घोडा अर्ध्यात अडकतो आणि धक्का लागला की सुटतो.

मग ओळखीच्या वकिलाशी बोला आणि आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात कळवा. हत्यार स्वतः पिशवीत घालून एसटीने ठाण्यात नेऊ नका. ते जागेवर आहे तिथेच राहू द्या, पोलिसांना बोलवा, पंचनामा करून घ्या आणि जमा केल्याची पावती घ्या. हत्यार कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे, परवाना नसलेलं हत्यार ताब्यात आलं तर ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. पावतीवर बनावट, नळीची लांबी आणि नंबर नीट लिहिलाय का ते पाहा. नुसतं ‘एक जुने पिस्तूल’ असं लिहिलेली पावती पुढे काही कामाची नाही.

लोक घाबरतात आणि रातोरात विहिरीत किंवा कृष्णेच्या डोहात टाकून येतात. तसं करू नका. कायद्याने तो उपाय नाही, आणि इतिहासही कायमचा बुडतो.

शंभर वर्षांचं आहे, गंजलंय, चालत नाही. तरी परवाना लागतो का?

कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुरातन किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे. पण अट अशी, की ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. वेबली या ब्रिटिश कंपनीच्या रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग बदलली आणि थोडं तेल दिलं की बहुतेक वेळा ते चालतं, हे मी स्वतः केलेलं काम आहे. त्यामुळे ‘आमचं तर शोभेचं’ हे आपण ठरवायचं नाही.

दुसरी अडचण बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीची (ती इंचांत मोजतात). ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हर बहुतेक ०.४५५ किंवा ०.३८ बोअरची असतात आणि हे दोन्ही बोअर आपल्याकडे निषिद्ध गटात मोडतात. निषिद्ध हत्यार विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं शिक्षा आहे, ती १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते. आजोबांच्या नावावर जुना परवाना असेल तर वारसाला अर्ज करता येतो, तो कागद जपून ठेवा. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका राहू शकतात, वारशाने आलेल्या धरून.

हे पिस्तूल आहे की रिव्हॉल्व्हर?

आपल्याकडे सगळ्यालाच पिस्तूल म्हणतात. मध्ये फिरणारी चाकी असेल, जिला सिलिंडर म्हणतात, तर ते रिव्हॉल्व्हर. काडतुसांची कांडी मुठीत खालून सरकवायची असेल तर ते पिस्तूल. पुढचं सगळं रिव्हॉल्व्हरबद्दल आहे.

कुठल्या देशाचं आणि कुठल्या कारखान्याचं, हे कशावरून कळतं?

आधी घडण बघा, मग अक्षरं. साताऱ्याकडे सापडणाऱ्यांत वेबलीची शक्यता मोठी. बर्मिंगहॅमचा कारखाना. ही मधोमध मोडणारी रिव्हॉल्व्हर असतात. डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी बिजागरीवर पुढे झुकते आणि रिकामी काडतुसं आपोआप बाहेर उचलली जातात. (हे वाचून करून बघायचं नाही, ठाण्यातल्या आर्मररला करू द्या.)

ब्रिटिश लष्कराने वेबलीचा पहिला मार्क, म्हणजे पहिला नमुना, १८८७ साली घेतला. दुसरा १८९४, तिसरा १८९७, चौथा १८९९, पाचवा १९१३ आणि सहावा १९१५. सगळे ०.४५५ बोअरचे. पहिल्या पाचांची मूठ खाली गोल वळलेली, पोपटाच्या चोचीसारखी. सहाव्याची मूठ सरळ आणि चौकोनी, नळी सहा इंचांची आणि वजन एक किलोच्या थोडं वर. पहिल्या महायुद्धात हा सहावा मार्क लाखांनी बनला. मार्कचा आकडा वरच्या पट्टीवर (चाकीच्या वरून जाणाऱ्या लोखंडी पट्टीवर) रोमन लिपीत असतो. सहाव्या मार्कच्या फ्रेमवर डाव्या बाजूला पंख असलेल्या गोळीचं चिन्ह आणि सालही असतं. १९२१ ते १९२६ या काळात हेच रिव्हॉल्व्हर सरकारच्या एनफील्ड कारखान्यानेही बनवलं, त्यावर वेबलीऐवजी एनफील्डचं नाव असतं.

कारखान्याचं नाव कसं लिहिलंय त्यावरूनही काळ कळतो. ‘पी. वेबली अँड सन’ असं असेल तर ते १८९७ च्या आधीचं. १८९७ साली तीन कंपन्या एकत्र आल्या आणि ‘वेबली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी’ असं लांबलचक नाव झालं. १९०६ मध्ये ते आटोपशीर ‘वेबली अँड स्कॉट लिमिटेड’ झालं. नळीवर साल नसलं तरी नाव नीट वाचलं की वीस वर्षांचा घोळ मिटतो.

कावळ्याच्या पायासारखी खूण आहे. ती काय?

तो ब्रॉड ॲरो, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा बाण. हत्यार सरकारी पैशाने घेतलं आणि तपासून स्वीकारलं, एवढाच त्याचा अर्थ. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ अक्षर असेल तर ती हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. आपल्याकडच्या शोधात ही खूण सोन्यासारखी, कारण तिच्यामुळे ते हत्यार लंडनच्या कोठारातून नव्हे तर इथल्या शस्त्रागारातून फिरलं असं कळतं.

दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर कोरलेले असतील तर सरकारने ते हत्यार विकून टाकलं होतं. असे दोन बाण असले तर घरात ते सरळ मार्गाने आलं असण्याची शक्यता बरीच वाढते. एकच बाण असला तर जरा शांतपणे विचार करा. सैनिकाने हत्यार परत करायचं असतं आणि ते केलं नाही तर कोर्ट मार्शल होतं, हे मला फौजेतल्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

बाण अजिबात नसेल तर निराश होऊ नका. त्या काळात ब्रिटिश अधिकारी आपलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या खिशातून घेत. सरकारी ०.४५५ काडतूस त्यात चालावं एवढीच अट. अशा खासगी हत्यारावर बाणाऐवजी दुकानाचं नाव असतं. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीचं नाव बऱ्याचदा दिसतं, तिची मुंबईतही शाखा होती. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचंही नाव दिसतं. हीच ती कंपनी, जिच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं उडवली होती.

मुकुट आणि त्याखाली बारीक अक्षरं आहेत. तो राजाचा शिक्का का?

बहुतेक वेळा नाही, आणि गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. ‘राजाने बक्षीस दिलेलं पिस्तूल’ ही गोष्ट दहातल्या आठ घरांत या मुकुटावरून तयार झालेली असते.

इंग्लंडमध्ये विकायच्या प्रत्येक बंदुकीत आधी जास्त दारू भरून ती उडवून पाहत. फुटली नाही तर तिच्यावर शिक्का मारत. ही कामं लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसची. १९०४ च्या आधीच्या बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात मुकुटाखाली दोन राजदंड एकमेकांना छेदून असतात. १९०४ पासून मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ आणि नव्या धूरविरहित दारूसाठी ‘एनपी’ अशी अक्षरं आली. १९५४ नंतर ‘बीएनपी’ आणि शेजारी टनांत दाब, म्हणजे ‘सहा टन’ वगैरे.

हे टनाचं प्रकरण ध्यानात ठेवा. कोरेगावकडच्या एका घरात असं सांगत, की आजोबांनी १९४६ साली हे रिव्हॉल्व्हर परदेशातून आणलं आणि ते परत कधी घराबाहेर गेलं नाही. नळीवर बीएनपी आणि टनांचा शिक्का होता. म्हणजे ते १९५४ नंतर बर्मिंगहॅममध्ये होतं. आजोबा तर १९५१ लाच वारले होते. शेवटी कळलं की ते एका चुलत्याने साठच्या दशकात परवान्यावर मुंबईतून विकत घेतलं होतं आणि त्याची पावती देव्हाऱ्याच्या खाली होती. घरच्यांना वाईट वाटलं. मला मात्र आनंद झाला, कारण पावतीसकट मिळालेलं ते पहिलंच हत्यार होतं.

मुकुट, त्याखाली आकडा आणि आकड्याखाली ‘ई’ असं असेल तर ती एनफील्डच्या तपासनिसाची खूण. आकडा त्या तपासनिसाचा असतो, हत्याराचा नव्हे.

आमचं जरा लहान आहे आणि घोड्याला अंगठ्याने धरायचं टोकच नाही. ते तुटलंय का?

तुटलेलं नसावं. ते एनफील्ड नंबर दोन असेल. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी ठरवलं, की ०.४५५ चा दणका नवशिक्या सैनिकाला पेलत नाही, म्हणून ०.३८ बोअर घेतला. गोळी २०० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), नळी पाच इंचांची आणि वजन पाऊण किलोच्या आसपास. १९३२ मध्ये पहिला मार्क आला. १९३८ मध्ये त्याचाच तारांकित प्रकार आला आणि त्यात घोड्याचं टोक मुद्दाम काढून टाकलं. रणगाड्याच्या आतल्या अडचणीच्या जागेत ते टोक कशातही अडकत होतं, असं त्याचं कारण सांगतात. युद्धकाळात स्कॉटलंडच्या अल्बियन मोटर्स या मोटारींच्या कारखान्यानेही ही रिव्हॉल्व्हर बनवली, तेव्हा त्या नावाने गोंधळून जाऊ नका.

हे एनफील्ड वेबलीसारखंच दिसतं आणि त्यावरून भांडणही झालं. नमुना आमचा आणि काम दुसऱ्याला, म्हणून वेबलीने सरकारकडे २२५० पौंड मागितले. दावा फेटाळला गेला, पण संशोधकांना बक्षिसं देणाऱ्या शाही आयोगाने १२५० पौंड देऊन प्रकरण मिटवलं. वेबलीने स्वतःही ०.३८ चा चौथा मार्क काढला. युद्धातल्या नगांवर ‘वॉर फिनिश’ असे शब्द कोरलेले असतात. त्याचा अर्थ ‘घासकाम राहून गेलंय, वेळ नव्हता’ असा. खडबडीत आहे म्हणून नकली ठरवू नका.

वेबलीसारखं अजिबात दिसत नाही. मग?

मग जग मोठं आहे. चाकी डाव्या बाजूला बाहेर झुकत असेल तर अमेरिकन कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनने ब्रिटिशांसाठी ०.३८ ची मोठी खेप पाठवली. तिचा नंबर मुठीच्या तळाशी असतो आणि १९४२ पासून त्याच्या आधी ‘व्ही’ अक्षर येतं, व्हिक्टरीचं. काहींच्या वरच्या पट्टीवर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ असंही असतं. आमच्या एका पाहुण्याने ते वाचून आजोबा अमेरिकेत जाऊन आल्याची वंशावळ रचली होती. पहिल्या महायुद्धात वेबली पुरेना तेव्हा स्पेनच्या एइबार गावातूनही ०.४५५ ची रिव्हॉल्व्हर घेतली होती, त्यावर गाराते अनितुआ किंवा त्रोकाओला अरांझाबाल या कारखान्यांच्या खुणा असतात.

लंबगोलात ‘ईएलजी’ आणि तारा असेल तर ते बेल्जियमच्या लिएजचं. १८९३ पासून त्याच्या वर मुकुटही येतो. ही छोटी आणि स्वस्त रिव्हॉल्व्हर जगभर विकली गेली, लष्कराशी त्यांचा संबंध क्वचितच.

युद्धातून आणलेली म्हणावीत अशी दोन मला जास्त पटतात. एक इटालियन १८८९ चं बोदेओ, साधारण १०.४ मिलिमीटरचं. शिपायांसाठीच्या प्रकारात चापाभोवती कडं नसतं आणि चाप घडी होऊन पोटाशी बसतो. मराठा पलटणी १९४१ मध्ये इरिट्रियात केरनला आणि नंतर इटलीत लढल्या, तिथे हे हाती लागणं स्वाभाविक. दुसरं जपानी, १८९३ चं सव्वीस नमुन्याचं, ९ मिलिमीटरचं. घोड्याला टोक नसलेलं, मधोमध मोडणारं. ते ब्रह्मदेशातून.

नकली कसं ओळखायचं?

पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलमध्ये शंभराहून जास्त वर्षं हातोडी आणि कानशीने हुबेहूब वेबली बनतात. कारागीर कमालीचे, पण इंग्रजी वाचता न येणारे. त्यामुळे ‘एन’ उलटा, शब्दांतली अक्षरं मागेपुढे, मुकुट बटाट्यासारखा. माझी आवडती खूण सालाची. राणी व्हिक्टोरियाची ‘व्ही आर’ मुद्रा आणि शेजारी १९०७. राणी जानेवारी १९०१ मध्येच गेली, तेव्हा सहा वर्षांनी तिच्या नावाचा ठसा कोण मारणार? सातव्या एडवर्डच्या काळात, म्हणजे १९१० पर्यंत, ‘ई आर’ हवं आणि त्यानंतर ‘जी आर’.

नकली म्हणजे टाकाऊ असं मात्र नाही. सरहद्दीवर, वझिरिस्तानात नोकरी केलेल्या माणसाकडे दर्ऱ्याचं रिव्हॉल्व्हर असणं हाही इतिहासच. फक्त ते उडवायचा विचार स्वप्नातही करू नका. त्याचं पोलाद कुठल्या रुळाचं आहे देव जाणे.

चाकीच्या मागे छोट्या बोंडांसारखं काहीतरी आहे, काडतूस घालायची जागाच दिसत नाही.

मग तुमच्या हाताशी बहुधा १८५७ च्या आसपासची वस्तू आहे. ती टोपीची. दारू आणि गोळी चाकीत पुढून भरायची आणि मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. त्या काळात ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे दोन प्रकार जास्त होते. कोल्टचं १८५१ चं ‘नेव्ही’ सहा बारांचं आणि वरून उघडं, त्याचा लंडनलाही कारखाना होता. ॲडम्सचं १८५१ चं पाच बारांचं, एकसंध फ्रेमचं, घोड्याला टोक नसलेलं. पुढे ब्यूमाँट या अधिकाऱ्याने त्यात सुधारणा केली आणि १८५६ मध्ये ते ब्यूमाँट-ॲडम्स लष्कराने घेतलं.

साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि १८५७ मध्ये रंगो बापूजींच्या कटामुळे इथे इंग्रजांची झोप उडाली होती. त्यामुळे अशी वस्तू निघाली की लोक लगेच तिचा रंगो बापूजींशी धागा जोडतात. कागद नसेल तर जोडू नका. इतकं जुनं हत्यार पुरावस्तू कायदा १९७२ खालीही येतं आणि शंभर वर्षांवरची पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाच्याला ‘आठवण म्हणून’ देऊ नका.

आजोबा तर शिपाई होते. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर कसं आलं?

सगळ्या प्रश्नांत हा मला मोलाचा वाटतो, कारण इथे माणूस पहिल्यांदा घरातल्या गोष्टीवर शंका घेतो.

रिव्हॉल्व्हर हे शिपायाचं हत्यार नव्हतंच, त्याचं हत्यार रायफल. रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्याचं, सुभेदार-जमादारांचं, मशीनगनवाल्यांचं आणि पुढे रणगाड्यातल्यांचं. म्हणून आधी आजोबांचा हुद्दा आणि काम शोधा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाची कड भिंगाखाली धरा, तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदकाच्या कडेवर ‘सिपॉय’ असेल आणि घरात ‘सुभेदार’ म्हणत असतील तर पदकावर विश्वास ठेवा.

मग तारखा जुळवा. आपल्या भागातला नेहमीचा दावा कुतचा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर कुत अल अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा, पुढे उपासमार आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती. ‘कुतहून आणलेलं’ म्हणून माझ्याकडे आजवर तीन रिव्हॉल्व्हरचे फोटो आले. एकावर साल होतं १९१८. दुसऱ्यावर १९१७. तिसऱ्यावर १९१५ होतं आणि ते पाहून मी खुर्चीतून उठलो होतो. पण घरचा कागद काढला तर त्यात युद्धकैदी असं लिहिलेलं. आता सांगा, तुर्कांच्या कैदेत दोन वर्षं काढलेला माणूस कमरेला रिव्हॉल्व्हर लावून परत येईल? ते त्याने सुटून आल्यावर कुठेतरी मिळवलं असणार. कैदेची गोष्ट खरी आणि रिव्हॉल्व्हरही खरं. दोघांची गाठ मात्र नातवंडांनी मारलेली.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ उगाच म्हणत नाहीत, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण पडले. अशा गावात माणूस गेला की त्याचं सामान घरी येई, पण त्यात सरकारी हत्यार नसे.

हे पत्री सरकारच्या काळातलं आहे असं सांगतात. पडताळता येईल?

काळ तरी पडताळता येतो. प्रतिसरकार १९४३ ते १९४६, तेव्हा सातारा आणि सांगली एकच जिल्हा होता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, तुफान सेनेचं मोठं केंद्र कुंडल. शेणोलीला ७ जून १९४३ रोजी सरकारी पैशाची रेल्वेगाडी लुटली आणि २४ जुलैला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. म्हणजे हत्यार १९४६ च्या नंतरचं असेल तर दावा तिथेच संपतो.

आधीचं असेल तर काम अवघड होतं, कारण लपून वापरलेल्या हत्याराचा हिशेब कोण लिहिणार? नंबर कानशीने घासलेला असेल तर त्यावरून लगेच क्रांतिकारक ठरवू नका. चोरही नंबर घासतात. कुणाकडून आलं, कुठल्या गावी लपवलं, कुणी बघितलं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुष शौर्य सांगतात. बायका ते कुठल्या कणगीत ठेवलं होतं ते सांगतात, आणि पडताळायला कणगी बरी.

आमचे पणजोबा संस्थानात नोकरीला होते.

औंध, फलटण, जत, सांगली ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली. त्याआधी त्यांचे स्वतःचे शिपाई, अंगरक्षक आणि शस्त्रागारं होती. संस्थानी हत्यारावर बाण सहसा नसतो. व्यापारी माल, म्हणजे प्रूफ हाऊसचे शिक्के आणि दुकानाचं नाव. मुठीवर किंवा वरच्या पट्टीवर संस्थानाची आद्याक्षरं किंवा देवनागरी आकडा कोरलेला सापडला तर त्याचा नीट फोटो काढा, तो शस्त्रागाराचा क्रमांक असण्याची शक्यता मोठी.

नंबरावरून मूळ मालकाचं नाव मिळतं का?

ब्रिटिश सरकारी हत्यारात जवळजवळ कधीच नाही. नंबरावरून साल आणि खेप कळते, माणूस कळत नाही. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या बाबतीत मात्र फी भरून कारखान्याच्या जुन्या वह्यांतून पत्र मागवता येतं, त्यात माल कधी आणि कोणाला रवाना झाला ते येतं.

आणि नंबर म्हणजे नेमका कोणता तेही बघा. पेटंटचा आकडा, बोअरचा आकडा, तपासनिसाचा आकडा, असे सगळे नंबर लोक मला पाठवतात. खरा नंबर फ्रेमवर असतो आणि बहुधा सिलिंडरवरही. दोन्ही जुळले तर हत्यार मूळ जोडणीचं. जुळले नाहीत तर ते कधीतरी शस्त्रागारात उघडून दुसऱ्याच्या चाकीने दुरुस्त झालंय. आम्ही आर्मरर ते सर्रास करायचो, क्षमा असावी.

कागदपत्रं कुठे शोधायची?

घरापासून सुरू करा. डिस्चार्ज बुक, पेन्शनीचं पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, जुना हत्यार परवाना. साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे नाव, नंबर आणि पलटण देऊन विचारता येतं. ‘आमचे आजोबा मिलिटरीत होते’ एवढंच घेऊन जाऊ नका, तिथला बाबू हसतो. संस्थानी आणि जिल्ह्याच्या दफ्तरांसाठी पुणे, कोल्हापूर आणि मुंबईची पुराभिलेखागारं. युद्धात पडलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंद घरबसल्या शोधता येते, पण नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी घालून बघा. जाधव कधी कधी दोन ठिकाणी दोन रूपांत सापडतो.

साफ करून ठेवू का?

नको. एका सद्गृहस्थांनी दसऱ्याला शस्त्रपूजन करायचं म्हणून घरचं रिव्हॉल्व्हर सराफाच्या पॉलिशच्या चाकावर धरून आरशासारखं करून आणलं. फोटोत ते इतकं चकाकत होतं की मला माझाच चष्मा दिसला. बाण गेला, मुकुट गेला, साल गेलं. उरला एक किलो लोखंड. चिंच, लिंबू, रांगोळी, ब्रासो, पॉलिश पेपर यातलं काहीही लागलं की शंभर वर्षांचा ठसा दहा मिनिटांत जातो. खोबरेलही नको, ते पुढे चिकट होऊन बसतं. परवाना रीतसर झाला की कोरड्या सुती कापडाने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात पुरे. चामड्याच्या पाकिटात कायमचं ठेवू नका, चामडं दमट हवा धरतं आणि पावसाळ्यात आतून गंज लागतो.

सोबत काडतुसं पण आहेत.

त्यांनाही परवाना लागतो, तीही पंचनाम्यात द्या. हत्याराची ओळख पटवायला मात्र त्यांचा उपयोग मोठा. बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ आणि मध्ये बाण असेल तर ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनलेली. तो कारखाना १८६९ पासून आहे. हत्यार बर्मिंगहॅमचं आणि काडतूस खडकीचं, म्हणजे ते निदान काही काळ इकडच्या नोकरीत होतं.

याची किंमत किती येईल?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी येतो, मी मुद्दाम मागे ठेवलाय. परदेशातल्या लिलावाचे आकडे वाचून खूश होऊ नका, तिथला कायदा वेगळा. इथे निषिद्ध बोअरचं हत्यार खुल्या बाजारात विकता येत नाही, म्हणजे भावाचा प्रश्नच मिटला. कुणी ‘पार्टी तयार आहे’ म्हणत आलं तर त्याच्या चहाचे पैसेसुद्धा तुम्ही देऊ नका.

फोटो पाठवायचे तर कसे काढायचे?

जमा करण्याआधी, पंचनाम्याच्या वेळीच, पोलिसांच्या परवानगीने. उन्हात नाही, सावलीत आणि उजेड एका बाजूने तिरका येईल असा. समोरून फ्लॅश मारला की कोरीव अक्षरं सपाट होतात. दोन्ही बाजू, वरची पट्टी, मुठीचा तळ आणि दोरी अडकवायच्या कडीच्या आसपासचा भाग. मुठीच्या मागच्या पट्टीवर पलटणीची आद्याक्षरं आणि रॅकचा आकडा असू शकतो, तो भाग हमखास राहून जातो. शेजारी मोजपट्टी ठेवा. पुसट ठशावर बटर पेपर धरून पेन्सिलीने हलकं घासलं तर डोळ्यांना न दिसणारं अक्षरही उमटतं, पण हे हत्यार रिकामं केल्यावर आणि पोलिसांच्या समोरच.

नंबर दिसणारा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मागच्या वर्षी एकाने टाकला आणि संध्याकाळपर्यंत त्याच नंबरचे चार वारस तयार झाले होते.